लुक्रेसची उसनी जीभ

आधीच सांगते, मला त्या सायकलवाल्याचा भयंकर राग आला होता. आमच्या पबात यायचं, आमच्या खुर्चीत बसायचं आणि आमच्या लुक्रेसचा रस्सा अर्धा टाकून उठायचं म्हणजे काय? ताट उचलायला मीच गेले होते. बघते तर मांसाचे तुकडे एका कडेला सारलेले, रस्सा तसाच, फ्राईज तेवढे संपलेले. आमच्याकडे ताट परत येतं ते पावाने पुसून. मी त्याला विचारलंच, "का हो, दात दुखतायत का?"

पण आधी लुक्रेस कोण ते कळलं पाहिजे, नाहीतर त्या अर्ध्या ताटाचं एवढं काय, असं वाटेल.

लुक्रेस माझी वहिनी, थोरल्या भावाची, एटिएनची बायको. कालव्याच्या पुलापाशी आमचा पब आहे. पुढे बिअर मी ओतते, मागे ती रांधते आणि एटिएन पिंपं चढवतो, उतरवतो आणि मधल्या वेळात कंबर धरून कण्हतो. लुक्रेस मूळची लेये नदीच्या काठची. तिचे वडील अळशीच्या कारखान्यात होते. अळशीच्या पेंढ्या हौदात कुजवल्याशिवाय लिननचा धागा निघत नाही आणि त्या कुजण्याचा वास असा, की नवखा माणूस नाक धरून गाव सोडेल. त्या वासात वाढलेल्या मुलीचं नाक बधिर व्हायला हवं होतं. हिचं उलटंच झालं. मागे चुलीपाशी उभी राहून ती माझ्यावर ओरडायची, "नोएला, तिसरं पिंप उतरवायला सांग, आंबलंय ते!" आणि खरंच आंबलेलं असायचं. दूध उद्या नासणार हे तिला आज कळायचं. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की हा आज घरी भांडून कुठेतरी पिऊन आलाय की सरळ आमच्याकडेच आलाय, तेही सांगायची. गावातले नवरे तिला टरकून असत.

आमची आई म्हणजे तिची सासू, खाष्ट म्हणजे अगदी नमुनेदार. तिनं सुनेला कित्येक वर्षं रश्श्याच्या पातेल्याला हात लावू दिला नाही. बटाटे सोल, भांडी घास, कांदे चिर, पण पातेलं माझं. काळ्या बिअरमध्ये तासन् तास शिजणारा बीफचा रस्सा, वरून वाटलेली मोहरी फासलेला पावाचा काप उपडा घातलेला. आमच्या पबाचं नाव त्याच्यावर चालायचं. मग आई जिन्यावरून पडली, खुबा मोडला आणि लुक्रेसनं कुणाला न विचारता पातेलं चढवलं. आईला अंथरुणात ताट नेऊन दिलं. म्हातारीनं सगळं खाल्लं, तोंड पुसलं आणि म्हणाली, "वाईट नाही." आमच्या भागात याच्यापुढे कौतुक नसतं. लुक्रेस त्या दिवशी मागच्या अंगणात जाऊन रडली होती. तेव्हापासून पातेलं तिचं. तिच्या हाताला चव आहे असं सगळा गाव म्हणायचा, म्हणजे 'वाईट नाही' म्हणायचा.

तर हा सायकलवाला. मे महिना होता, पण वारा असा की गालफडं फाटावीत. हा आर्देनच्या डोंगराकडचा, एकटाच सायकलवरून समुद्राकडे निघालेला, चिंब भिजून आला. लाम्बेर त्याचं नाव. वडील ट्रक चालवायचे, या रस्त्यानं जाता-येता आमच्याकडे जेवायचे, घरी जाऊन त्या रश्श्याच्या गोष्टी सांगायचे. म्हणून हा मुद्दाम वाट वाकडी करून आला होता. हे सगळं त्यानं हातवारे करत सांगितलं, कारण तो फ्रेंच बोलणारा आणि आमची भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. मी खूश. त्याला काळी बिअर, त्या बिअरच्या ठरलेल्या ग्लासात, नीट फेस धरून दिली आणि रस्सा वाढला. आणि अर्ध्या तासानं हे ताट.

मी ते मागे नेलं. लुक्रेसनं माझ्या हातातून घेतलं. "हे कुणाचं?"

"त्या ओल्या सायकलवाल्याचं. सोड गं वहिनी, डोंगरातला माणूस, त्यांना काय कळतंय."

ती ताटाकडे बघत राहिली. मग हात पुसले आणि पुढे निघाली. जेवणाच्या वेळी लुक्रेस कधी पुढे येत नाही. ती आली म्हटल्यावर सगळ्यांच्या माना वर झाल्या. खिडकीच्या टेबलापाशी आमचे रोजचे दोघं बसले होते, ओमेर आणि कामील. एक निवृत्त कुलूपवाला, दुसरा शर्यतीची कबुतरं पाळणारा. बायका गेल्यापासून दोघंही दुपारचं आमच्याकडेच गिळतात.

लुक्रेस लाम्बेरपुढे खुर्ची ओढून बसली. "काय झालं? आवडलं नाही?"

तो कानापर्यंत लाल. पोटावर थोपटत म्हणाला, "पोट... भरलं."

"सायकल हाकत आलेल्या माणसाचं? अर्ध्या ताटात? खरं सांगा. मी रागावणार नाही."

आता गोड बोलून वेळ मारून न्यायची तर त्याला भाषा हवी ना. त्याच्याजवळ शब्दच चार. तो शोधत राहिला, मग हताश होऊन म्हणाला, "कडू. फार कडू, बाई. आणि खाली... जळलं."

मी तोंड उघडणार तेवढ्यात लुक्रेसनं हात वर केला. ती खिडकीकडे वळली. "ओमेर. कडू आहे का?"

"मी सगळं खाल्लं, लुक्रेस. ताट बघ, चकचकीत आहे."

"मी ताटाचं विचारत नाहीये. कडू आहे का?"

ओमेर मेयोनीजच्या भांड्याकडे असा बघायला लागला, जणू आत कुणी बुडतंय. कामीलनं टोपी काढली आणि परत घातली.

"कधीपासून?" लुक्रेसनं विचारलं.

"फेब्रुवारी संपता संपता," कामील पुटपुटला. "म्हणजे... तुझ्या तापानंतर."

माझं डोकं फिरलं. महिनोन् महिने मी या दोघांवर ओरडत होते, की मोहरीच्या बरण्या संपतात कशा, मेयोनीज काय पितात का! आणि हे दोघं, नुसते दोघंच नाहीत, सगळा गाव तो कडू रस्सा मोहरीत आणि मेयोनीजमध्ये बुडवून, पावानं ताट पुसून, मूग गिळून बसला होता. माझं पित्ताशय काढल्यापासून मला तो रस्सा डॉक्टरनं बंद केलेला. मी उकडलेले बटाटे आणि कांद्याच्या पातीसारख्या लीकचं सूप खाते. मला कळणार कसं?

"अरे गाढवांनो," मी म्हटलं, "एका शब्दानं तरी सांगायचं!"

"तिचं मन कसं मोडायचं?" ओमेर म्हणाला. "एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लंय. खाल्ल्या मिठाला जागलो, नोएला."

"मिठाला कसले, मोहरीला जागलात!"

कुणी हसलं नाही. लुक्रेस खुर्चीतच बसून होती. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मला वास येत नाही. चवही नाही. तापापासून. तोंडात काहीही घातलं तरी ओला पुठ्ठा. मला वाटलं, हाताला सवय आहे, हात चुकणार नाहीत. आणि तुम्ही सगळे ताटं पुसून देत होतात, म्हणून मला वाटलं, नाहीच चुकले."

इतके महिने बाई माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती आणि तिनं मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. राग आला, वाईटही वाटलं, दोन्ही एकदम.

लाम्बेरला अर्धंच कळलं होतं, पण त्याचा चेहरा बघवेना. "माफ करा, बाई, माफ करा," असं म्हणत तो जाकीट शोधायला लागला. लुक्रेसनं त्याला खाली बसवलं, आत गेली, हॅम आणि चीज भरलेला हा एवढा पाव करून आणला. "उपाशी नाही जायचं," ती म्हणाली. "आणि माफी तुम्ही नाही मागायची. या गावात तुम्ही एकटेच भले निघालात." तिनं त्याचा हात धरून दाबला. त्यानं पाव खाल्ला आणि भर पावसात निघून गेला. वडिलांनी सांगितलेला रस्सा त्याला काही मिळाला नाही.

एटिएनला हे संध्याकाळी कळलं. माझा भाऊ वाईट नाही. पण त्याला अवघड गोष्टीपेक्षा सोपी गोष्ट आवडते. "झालं ते झालं," तो म्हणाला. "आता वय झालं आपलं. गोठवलेली क्रोकेटं मागवू, त्या तयार वड्या, तेलात सोडली की झालं. पातेलं बंद. तुला कुणी हसायला नको, लुक्रेस, एवढंच मला वाटतं."

"म्हणजे मी काय करू?"

"बस की जरा. आराम कर."

"आराम कबरीत आहेच," लुक्रेस म्हणाली. "सप्टेंबरात जत्रा आहे. जत्रेचा रस्सा मी करणार. तो बिघडला, तर मी स्वतः तुला क्रोकेटवाल्याला फोन लावून देईन. नाही बिघडला, तर पातेल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही."

एटिएननं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. पण मनात म्हटलं, बाई, तू हरलीस. आमच्या जत्रेला सायकलींची शर्यत असते, सगळा गाव आणि शेजारची दोन गावं आमच्याकडे जेवायला उतरतात. तिथं फजिती झाली तर लोक पिढ्यान् पिढ्या ऐकवतील.

दुसऱ्या दिवशी तिनं ओमेरला सकाळीच बोलावलं. चमचा त्याच्या तोंडात घातला. "सांग."

ओमेरनं डोळे मिटले. खूप विचार केला. "वाईट नाही," तो म्हणाला.

तिनं पळी उगारली तेव्हा तो दारातून असा निसटला, की त्याच्या त्या वयातल्या पळण्याचं मला कौतुक वाटलं. कामीलला बोलावलं, तर तो म्हणाला, "माझ्या बायकोचा याहून वाईट असायचा." दोघंही बाद.

मग ती माझ्याकडे वळली. "नणंदबाई, या."

"मी? मला तेलकट बंद आहे."

"गिळायचं नाही. चव घ्यायची आणि थुंकायचं. तुझ्या जिभेला हाड नाही, आयुष्यभर मी ते सोसलं. माझ्या लग्नाच्या केकला तू सगळ्यांसमोर कोरडा म्हणाली होतीस. आता ती जीभ जरा कामाला येऊ दे."

"कोरडा होता तो," मी म्हटलं.

"होताच! म्हणून तर तू पाहिजेस."

असं आमचं सुरू झालं. सांगते, बिअर ओतण्यापेक्षा हे काम कठीण. पहिल्या चमच्याला मी म्हटलं, "बरं आहे की." तिनं झाकण आपटलं. "बरं ही काय चव आहे? कडू कुठे लागतंय? आधी की मागून?"

"मागून."

"करपलेल्या पावासारखं, की कॉफीसारखं?"

मी जीभ टाळूला घासली. "नाही गं. आई द्यायची ना, ते खोकल्याचं औषध. तसं."

लुक्रेसनं पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे ही बिअरच." आमच्या जुन्या काळ्या बिअरचा म्हातारा मालक हिवाळ्यात वारला, कारखाना बंद पडला आणि त्याच्या जागी एटिएननं दुसरी मागवली होती. प्यायला चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तासन् तास आटली की तिचा कडवटपणा सगळा वर येतो. नाक शाबूत असतं तर लुक्रेसला पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि तिनं ते पिंप एटिएनच्या डोक्यावर ओतलं असतं. आता ते तिला माझ्या जिभेवरून कळायला मे उजाडला.

आम्ही बिअर बदलल्या. एक पाणचट निघाली, एक साखरेच्या पाकासारखी. मग लाकडी पिंपात मुरलेली, आंबूस, लालसर बिअर घेतली आणि वर पावाच्या कापाऐवजी मधाच्या मसालेदार केकचा काप, पण मोहरी तीच. त्या दिवशी मी चमचा तोंडातून काढला आणि थुंकायचं विसरले. रात्रभर पोट दुखलं. दुसऱ्या दिवशी लुक्रेसला सांगितलं तर ती आनंदानं टाळ्या पिटायला लागली. माझ्या पोटाचं काही नाही तिला!

करपण्याचं तिनं स्वतःच शोधलं. वास नाही तर नाही, कान आहेत. पातेल्यापाशी स्टूल टाकून ती बसायची. "ऐक," म्हणायची. "आता गुरगुरतोय. घट्ट झाला की फटाफट थुंकायला लागतो. थुंकता थुंकता एकदम गप्प झाला, तर समज बुडाला लागला." मला काही ऐकू यायचं नाही. तिला यायचं. एटिएन रेडिओ लावायचा, ती जाऊन बंद करायची. तो कुरकुरायचा, "घरात राहतो की चर्चमध्ये?"

भांडणंही झाली. एकदा मी म्हटलं, "खारट आहे, मिठाचा खडा झालाय नुसता." तिनं सगळं पातेलं शेजारच्या डुकरांना नेऊन घातलं आणि येऊन मला म्हणाली, "तू मुद्दाम करतेस. आईसारखीच आहेस तू." मी एप्रन काढून फेकला. दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही, मध्ये एटिएन निरोप्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझ्यापुढे चमचा धरला, मी तोंड उघडलं. कोण चुकलं ते कुणीच काढलं नाही.

एक दिवस मात्र मी हरले. ती लोण्यात कांदे परतत होती. मला म्हणाली, "नोएला, याचा वास कसा येतो?"

मी म्हटलं, "कांद्यासारखा."

"ते माहीत आहे गं. कसा?"

मी उभी राहिले. हुंगत राहिले. काय सांगू? गोड? भूक लागल्यासारखा? मला एक शब्द सुचेना. ती वाट बघत होती आणि माझे डोळे भरून आले, आणि कांद्यामुळे पाणी आलंय असं म्हणायची सोयसुद्धा होती. ती म्हणाली, "जाऊ दे. नाही सुचत तर नाही." आणि परतत राहिली.

सप्टेंबरात जत्रा आली. पहाटेपासून ती पातेल्यांशी बसली. मोठी पातेली मांडलेली, ती एकीकडून दुसरीकडे कान लावत फिरत होती. मी प्रत्येकातला चमचा घेत होते. "याला अजून मोहरी. हे झालं. याला थांबव जरा." बाहेर शर्यत सुरू होती, भोंगे वाजत होते, पोरं ओरडत होती, आणि मागे आम्ही दोघी घामानं निथळत होतो. मग माणसं आत घुसली. मी पुढे गेले आणि डोळ्यांत तेल घालून टेबलं बघत राहिले. ताटांपेक्षा मी मोहरीच्या बरण्यांकडे बघत होते. बरण्या भरलेल्या. ओमेरनं मेयोनीज फ्राईजला लावलं, रश्श्याला लावलं नाही. शेजारच्या गावची एक ठसकेबाज बाई होती, ती म्हणाली, "अजून मिळेल का?" मला तिला मिठी मारावीशी वाटली.

दुपार कलली. लोक पुन्हा रस्त्यावर गेले, विजेत्याच्या गळ्यात फुलं घालायला. आत आम्ही तिघं. एटिएननं पातेल्यांत डोकावून बघितलं. तळाला थोडंथोडं उरलं होतं. तो लुक्रेसच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. माझ्या भावाला एवढंही पुष्कळ.

लुक्रेस मला म्हणाली, "नोएला. खरं सांग. माझा रस्सा होता तसा झाला?"

एटिएन तिच्या मागे उभा होता. तो मला डोळ्यांनी सांगत होता, हो म्हण, काय बिघडतंय, हो म्हण. आणि खरंच, काय बिघडत होतं? सगळा गाव जेवून गेला होता. ती दमली होती, एप्रनवर डाग पडले होते, केस कपाळाला चिकटले होते. माझ्या ओठावर 'हो' आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं.

"नोएला!" एटिएन ओरडला.

"नाही, वहिनी. चांगला झालाय. मांस जिभेवर विरघळतंय, आधी आंबूस लागतं, मग मोहरी चढते, शेवटी ते गोडसर. मला परवानगी असती तर दोनदा वाढून घेतला असता. पण तो जुना रस्सा हा नाही. तो गेला."

मला वाटलं, आता पळी माझ्या डोक्यात बसणार. तिचे डोळे भरले. मग तिनं नाक एप्रनला पुसलं.

"म्हणजे चांगला झालाय," ती म्हणाली.

"तेच तर सांगतेय मघापासून!"

"आधी नाही म्हणालीस, म्हणून खरं वाटलं. तू हो म्हणाली असतीस ना, तर तूही ओमेरसारखीच असं समजून मी एटिएनला आत्ता क्रोकेटवाल्याला फोन लावायला सांगणार होते."

एटिएन खाकरला आणि पिंपं बघायला म्हणून तळघरात उतरला. लुक्रेसनं तळाचं सगळं खरवडून एका ताटात घेतलं, माझ्या शेजारी बसली आणि काटा उचलला.

"सांग," ती म्हणाली. "पहिल्या घासापासून."

तिनं घास तोंडात घेतला आणि थांबली. मी सांगायला लागले. मी सांगायचे, मग ती चावायची. मी पुढचं सांगायचे, ती मान हलवायची, गिळायची आणि दुसरा घास घ्यायची. बाहेर बँड वाजत होता, कुणीतरी बिअरसाठी माझ्या नावानं शंख करत होतं. मी उठले नाही. ताट संपेपर्यंत मी सांगत राहिले आणि ती जेवत राहिली.